‘राहू दे तसंच!’ : डीफॉल्ट सेटिंगची गोष्ट

‘डीफॉल्ट’ला मराठीत काय म्हणायचं? सरकारी परिभाषेत ‘पूर्वनिर्धारित’ असा शब्द आहे म्हणे. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे हा शब्द नुसता वाचतानाही जीभ अडखळते. म्हणून या लेखात मी सरळ ‘डीफॉल्ट’च म्हणणार आहे. मराठीच्या सरांनी कृपया माफ करावं!

शब्द अवघड असला तरी कल्पना सोपी आहे. आपल्या मेसचा चहा घ्या. तुम्ही काहीही न बोलता कप पुढे केलात तर साखर घातलेला चहा मिळतो. बिनसाखरेचा हवा असेल तर आधी सांगावं लागतं. साखर हा मेसच्या चहाचा डीफॉल्ट आहे. म्हणजे काय, तर तुम्ही गप्प बसलात की जे होतं, ते डीफॉल्ट.

राउटर, मोडेम, स्विच या डब्यांमध्ये अशा शेकडो ‘गप्प बसलात तर’ गोष्टी भरलेल्या असतात. वायफायचं नाव काय, पासवर्ड काय, कोणता चॅनेल, कोणते पोर्ट उघडे, बाहेरून कुणाला आत येता येईल का. खोक्यातून राउटर काढून प्लग लावला की या सगळ्यांची उत्तरं तयारच असतात. ती आपण दिलेली नसतात. कुठल्यातरी कंपनीतल्या एका इंजिनिअरने, बहुधा डेडलाइनच्या आदल्या रात्री, ती दिलेली असतात. मित्रहो, दोन-चार वर्षांनी तो इंजिनिअर आपल्यापैकीच कुणीतरी असणार आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

बदलतो कोण?

‘आवडलं नाही तर युजर बदलेल की!’ हे वाक्य मी प्रोजेक्ट रिव्ह्यूमध्ये कितीतरी वेळा ऐकलंय. पण युजर बदलत नाही. याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा नेटवर्किंगच्या बाहेरचा आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोघांनी २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात युरोपातल्या अवयवदानाच्या संमतीची आकडेवारी मांडली. जर्मनीत दाता होण्यासाठी आपणहून नाव नोंदवावं लागायचं. तिथे संमती होती साधारण १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात उलटं होतं, म्हणजे नको असेल तर तसं कळवायचं. तिथे संमती ९९ टक्क्यांच्या वर! दोन्ही देशांत भाषा एक, राहणीमान जवळपास सारखं. फरक फॉर्ममधल्या डीफॉल्टचा.

आता इतक्या मोठ्या प्रश्नावरही माणूस ‘राहू दे तसंच’ म्हणत असेल, तर राउटरचं सेटिंग पेज उघडून तो टेलनेट बंद करेल का? माझ्या आईला विचारा. आमच्या घरी ब्रॉडबँड बसवायला आलेल्या दादाने वायफायचा पासवर्ड म्हणून बाबांचा मोबाइल नंबर टाकून दिला आणि ‘लक्षात राहील काकू’ म्हणून निघून गेला. बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत त्याने हेच केलंय. बाबांचा नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावलेला आहे! मी सुट्टीत जाऊन बदलेपर्यंत घरात कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आणि का वाटावं? नेट चालू होतं ना.

उघड्या दाराची किंमत

इथे ‘चालतंय ना, मग झालं’ म्हणणं महागात कसं पडतं, याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. पोलिसांनी त्याचा आयपी ॲड्रेस शोधला आणि ते पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांचा कटाशी काही संबंध नव्हता. त्यांचं वायफाय उघडं होतं आणि कुणीतरी ते वापरून मेल पाठवला होता. पण हे सिद्ध होईपर्यंत त्यांची चौकशी झालीच.

असं का झालं? घरातल्या राउटरमागे मोबाइल, लॅपटॉप कितीही असोत, बाहेरच्या जगाला साधारणपणे एकच पब्लिक आयपी दिसतो. याला नॅट म्हणतात, आपल्याला सिलॅबसमध्ये आहे. म्हणजे तुमच्या वायफायवरून कुणीही काहीही केलं तरी बाहेरून ते ‘तुमच्या घरातून’ झालेलं दिसतं. आणि त्या काळात बरेचसे राउटर खोक्यातून निघताना वायफायला पासवर्डच नसलेले असायचे. का? तर ग्राहकाचा पहिल्याच दिवशी ‘कनेक्ट होत नाही’ असा फोन येऊ नये म्हणून. कंपनीचा एक फोन वाचायचा, आणि जोखीम मात्र ग्राहकाच्या दारात जायची. पुढे २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत शहरात फिरत होते. कंपनीने न केलेलं काम शेवटी पोलिसांना करावं लागलं.

दुसरं उदाहरण २०१६ चं. ‘मिराई’ नावाचा एक मालवेअर आला. त्यात फार हुशारी नव्हती. तो इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाचपायचा, टेलनेट उघडं दिसलं की साधारण साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून बघायचा. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’, ‘रूट-१२३४५’ या छापाच्या, म्हणजे कंपन्यांनीच ठेवलेल्या डीफॉल्ट जोड्या. एवढ्यावर लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ ला या फौजेने डिन या अमेरिकन कंपनीच्या डीएनएस सर्व्हरवर हल्ला केला, आणि काही तास ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना उघडेनात. ज्यांनी मिराई लिहिला ती विशीतली मुलं होती, एक तर कॉलेजचा विद्यार्थी. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची गुन्ह्याची कबुली जाहीर झाली. आपल्याकडेही २०१७ च्या जुलैमध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम मालवेअरने बिघडले, तेव्हा ग्राहकांना सांगितलं गेलं ते हेच, की बाबांनो, डीफॉल्ट पासवर्ड बदला.

सोप्पं करायला गेलो आणि...

मग उपाय काय? सगळं कडक करून टाकायचं? तसंही नाही चालत. मुळात सोपं करण्याची इच्छा चांगलीच आहे. पण सोपं कसं करायचं नाही, याचा एक नमुना सांगते.

२००६-०७ च्या सुमारास डब्ल्यूपीएस नावाची सोय आली. मोठा पासवर्ड टाइप करायचा त्रास नको, राउटरच्या मागे छापलेला आठ आकडी पिन टाका, झालं कनेक्ट! बहुतेक राउटरवर ही सोय डीफॉल्ट चालू असायची. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. ऐकायला भक्कम वाटतं. डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकाने त्यातली गोम दाखवली. आठवा आकडा नुसता चेकसम असतो, म्हणजे तो आधीच्या सातवरून काढता येतो. राहिल्या एक कोटी. त्याहून वाईट म्हणजे राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. पहिले चार चुकले तर तिथेच ‘चूक’ सांगतो. म्हणजे आधी १०,००० शक्यता तपासायच्या, मग उरलेल्या तीन आकड्यांच्या १,०००. बेरीज ११,०००! एका प्रयत्नाला दोन सेकंद धरले तरी सहा-सव्वासहा तासांत काम फत्ते. कॅलक्युलेटर काढून बघा. आणि हो, वायफायला तुम्ही कितीही लांब पासवर्ड ठेवला असला तरी हे दार बाजूला उघडंच.

बरं, प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड दिला की संपलं? तेही नाही. थॉमसन कंपनीचे स्पीडटच राउटर युरोपात खूप खपले. प्रत्येकाला स्वतःचं वायफाय नाव आणि स्वतःची की. छान! पण २००८ मध्ये लक्षात आलं की दोन्ही गोष्टी एकाच सीरियल नंबरच्या हॅशमधून काढलेल्या आहेत. हॅशच्या सुरुवातीचे काही बाइट म्हणजे की आणि शेवटचे काही बाइट म्हणजे वायफायच्या नावाचा शेपटाकडचा भाग. नाव तर सगळ्यांना हवेत दिसतंच. सीरियल नंबरचे शक्य तेवढे प्रकार करून बघायचे, शेपूट जुळलं की की हातात. सीरियल नंबर हा ‘रँडम’ नसतो, हे कुणालातरी आठवायला हवं होतं. वेगळा असणं आणि ओळखता न येणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या रोल नंबरसारखंच ते. प्रत्येकाचा वेगळा, पण पुढच्याचा कुणीही सांगेल!

हॉस्टेलचा दुसरा मजला

आतापर्यंतची उदाहरणं चोरांची होती. पण डीफॉल्टमुळे चोराशिवायही गोंधळ होतो. मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आठवड्यात आमच्या लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचं नेट अचानक गेलं. गंमत म्हणजे ‘कनेक्टेड’ दिसत होतं, पण काहीच उघडत नव्हतं. काहींचं चालू, काहींचं बंद. रेक्टर मॅडमना वाटलं कॉलेजनेच बंद केलं, कॉलेजला वाटलं केबल तुटली.

बी.ई.च्या एका ताईने लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग’ मारलं. आमच्या हॉस्टेलचे पत्ते १० ने सुरू होतात. इथे गेटवे दिसत होता १९२.१६८.०.१. मजल्यावर कुणीतरी घरगुती राउटर आणून लावला होता, आणि भिंतीतल्या सॉकेटची केबल निळ्या ‘वॅन’ पोर्टऐवजी शेजारच्या पिवळ्या ‘लॅन’ पोर्टमध्ये गेली होती. एवढंच!

एवढ्याने पूर्ण मजला कसा पडतो? लॅपटॉप नेटवर्कवर आला की ओरडून विचारतो, ‘मला पत्ता कोण देईल?’ हे डीएचसीपी. हाक सगळ्यांना ऐकू जाते आणि साधारणपणे जो आधी उत्तर देतो त्याचा पत्ता घेतला जातो. कॉलेजचा सर्व्हर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, हा राउटर भिंतीपलीकडे. याने आधी उत्तर दिलं, पत्ता दिला आणि वर सांगितलं की बाहेर जायचा रस्ता माझ्यातून. याच्याकडे रस्ता होताच कुठे! ताईने ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडलं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन टाकलं, आत गेली, वायफायचं नाव वाचलं आणि सरळ त्या रूमचं दार वाजवलं. (नाव काय होतं ते छापण्यासारखं नाही.)

आता यात दोष कुणाचा? केबल लावणाऱ्या मुलीचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. राउटरमध्ये डीएचसीपी डीफॉल्ट चालू असणं घरासाठी अगदी बरोबर आहे, नाहीतर आईला हाताने आयपी टाकावा लागेल. पण पत्ते वाटायला बसण्याआधी राउटर स्वतः एकदा हाक मारून बघू शकतो, ‘इथे आधीच कुणी वाटतंय का?’ असेल तर गप्प बसायचं आणि लाल दिवा लावायचा. काही उपकरणांत अशी सोय असते. दुसरीकडे, कॉलेजच्या मॅनेज्ड स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग असतं. ठरवून दिलेल्या पोर्टखेरीज कुठूनही पत्ते वाटले गेले तर स्विच ते अडवतो. पण हेही सहसा डीफॉल्ट बंद असतं. नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांनी ते त्या प्रसंगानंतर चालू केलं, त्याबद्दल दुसऱ्या मजल्यातर्फे त्यांचे जाहीर आभार!

एकाचा डीफॉल्ट, सात लाखांचा ताप

डीफॉल्ट एका घरात एकदाच चुकत नाही, तो जितके डबे विकले तितक्या वेळा चुकतो. मे २००३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या नेटवर्कवर अचानक वेळ विचारणाऱ्या पाकिटांचा पूर आला. डेव्ह प्लॉन्का या तिथल्या इंजिनिअरने माग काढला. नेटगिअरच्या काही स्वस्त घरगुती राउटरांच्या फर्मवेअरमध्ये विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरचा आयपी पत्ता सरळ कोरून ठेवला होता, तोही विद्यापीठाला न विचारता. त्यात आणखी एक कमाल अशी की उत्तर आलं नाही तर राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारायचा. असे सात लाखांहून जास्त डबे विकले गेले होते. सर्व्हर दमून गप्प झाला की सगळे डबे जोराने ओरडणार, त्याने सर्व्हर आणखी दमणार! पुढे दोघांनी मिळून तोड काढली आणि कंपनीने विद्यापीठाला ३,७५,००० डॉलर दिले. पण लोकांच्या घरात पोचलेलं फर्मवेअर परत कोण मागवणार?

म्हणून दुसऱ्याचा पत्ता कधी कोरू नये, आणि उत्तर नाही आलं तर थांबण्याचा वेळ वाढवत न्यावा. मेसमध्ये भाजी संपली म्हणून आपण दर सेकंदाला ‘काका, भाजी’ ओरडत नाही ना, तसंच.

मग चांगला डीफॉल्ट कसा असतो?

हे सगळं वाचून मी माझ्यापुरते काही नियम केलेत. पटले तर घ्या.

एक. जे केल्याशिवाय भागत नाही तेवढंच विचारा. वायफायचं नाव आणि पासवर्ड, बस्स. पहिल्याच पानावर ‘एमटीयू किती ठेवू?’ असं विचारलं की माणूस घाबरून ‘नेक्स्ट’ दाबत सुटतो.

दोन. पासवर्ड प्रत्येक डब्याला वेगळा आणि खरोखर रँडम हवा, आणि स्टिकरवर वाचता येईल असा छापलेला हवा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल हे अजिबात नकोत. आजोबांनी चष्मा पुसून तीन वेळा टाकला आणि तरी लागला नाही, तर ते १२३४५६७८ च ठेवणार.

तीन. ज्याचा उपयोग शंभरात एकाला, ते बंद ठेवा. टेलनेट, इंटरनेटच्या बाजूने राउटरच्या सेटिंगमध्ये शिरणं, हे सगळं. ज्याला हवं त्याला चालू करता येतं. ज्याला ते काय आहे हेच माहीत नाही, त्याला बंद करता येत नाही. हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चार. अपडेट आपोआप व्हावेत, पण मध्यरात्रीनंतर. मॅच चालू असताना राउटर रीस्टार्ट झाला तर तो माणूस अपडेट कायमचे बंद करतो.

पाच. चॅनेल राउटरने स्वतः ऐकून ठरवावा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर, पण प्रत्येकाला जागा लागते साधारण २० ची. त्यामुळे एकमेकांना त्रास न देणारे नेहमीचे तीनच, १, ६ आणि ११. सगळे डबे ६ वर बसून आले तर हॉस्टेलच्या एका मजल्यावर काय होतं ते आपण रोज भोगतोच.

सहा. परत फिरायची वाट ठेवा. विंडोजमध्ये स्क्रीनचं रेझोल्युशन बदललं की ‘हे ठेवायचं का?’ असं विचारतात आणि १५ सेकंदांत उत्तर नाही आलं तर जुनं परत येतं. ज्युनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ नावाची कमांड आहे. नवं कॉन्फिगरेशन लागू होतं, पण दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही तर राउटर आपोआप जुन्यावर जातो. दूरच्या शहरातला राउटर सेट करताना स्वतःलाच बाहेर कुलूप लावून घेतलं, तरी दहा मिनिटांत दार उघडतं. ही कमांड ज्याने बनवली त्याला रात्री दोन वाजता सर्व्हर रूममध्ये धावत जायचा अनुभव नक्की असणार!

सात. रीसेटचं बटण दाबल्यावर डबा जिथे परत येतो, ती जागाही सुरक्षित हवी. कारण काही बिघडलं की सगळे आधी तेच दाबतात.

आता हे नियम फक्त सुविचार राहिलेले नाहीत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून कायदा आहे की नेटला जोडायच्या उपकरणात असा पासवर्ड असेल तर तो प्रत्येकाला वेगळा द्या, नाहीतर वापरण्याआधी ग्राहकाला नवीन ठेवायला लावा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ग्राहकांच्या अशा उपकरणांवर सगळ्यांना एकच असलेल्या डीफॉल्ट पासवर्डला बंदी आहे. म्हणजे पूर्वी जो आळस होता, तो तिथे आता गुन्ह्याच्या जवळ जाऊन बसलाय.

तुम्ही काय करू शकता? या शनिवारी-रविवारी घरी गेलात की पाचच मिनिटं काढा. राउटरचा स्टिकर बघा, सेटिंग पेज उघडा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, वायफाय डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर आहे ना ते बघा, डब्ल्यूपीएस बंद करा, बाहेरून येणारं रिमोट मॅनेजमेंट बंद करा, फर्मवेअर अपडेट करा. नवा पासवर्ड कागदावर लिहून राउटरच्याच खाली चिकटवला तरी चालेल. रस्त्यावरचा चोर घरात येऊन स्टिकर वाचत नाही.

आणि जे पुढे असे डबे बनवणार आहेत, त्यांच्यासाठी एकच विनंती. कोडमध्ये एखाद्या व्हेरिएबलला पहिली किंमत देताना ‘सध्या काहीतरी टाकून ठेवू’ म्हणू नका. ते ‘सध्या’ कुणाच्या तरी घरात पुढची दहा वर्षं तसंच राहणार आहे. त्या घरातल्या काकूंना तुमचं नाव माहीत नसेल, सेटिंग पेज काय ते माहीत नसेल. त्यांच्या वतीने तुम्हीच ठरवताय. जरा विचार करून ठरवा.